मेकॅनिकल विभागात प्रोपल्शनचं संशोधन : पहिला रिग कोणता उभारावा?

कंसातला_दीड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे. उत्तरं सरळ येतील अशी आशा नाही.

समजा एखाद्याची ज्वलनात पीएचडी झाली आहे, वर्ष-दोन वर्षांचा पोस्टडॉक झाला आहे आणि आपल्याकडच्या एखाद्या तंत्रसंस्थेत मेकॅनिकल विभागात सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली आहे. विषय प्रोपल्शन, म्हणजे रॉकेट-जेट इंजिनांचा रेटा. पदरात एक रिकामी खोली, तीन-फेज कनेक्शन, बेताचा बीजनिधी आणि दोन एमटेकचे विद्यार्थी. तर पहिला रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, कोणता? घन इंधन, हायब्रिड, गॅस टर्बाइनचा कंबस्टर की आणखी काही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या विषयात प्राध्यापकाची पुढची दहा वर्षं पहिल्या रिगवर ठरतात. सिम्युलेशनवर बढती मिळेल, पण चाचणीचा आकडा ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच लोक प्रकल्प घेऊन येतात. नमुना म्हणून मॉरिस झुक्रो बघा. १९२८ साली पर्ड्यू विद्यापीठाची अभियांत्रिकीतली पहिली पीएचडी त्यांची. नंतर बरीच वर्षं उद्योगात काढली, शेवटी एरोजेट ही रॉकेट कंपनी. १९४६ ला पर्ड्यूत परतले आणि दोन वर्षांत विद्यापीठाच्या विमानतळाशेजारी रॉकेटची चाचणी-प्रयोगशाळा उभी केली. आज ती त्यांच्याच नावाने चालते. आणि हे गृहस्थ मेकॅनिकलचे प्राध्यापक.

फुकट_सल्लागार

पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

एरोवाला

प्रोपल्शन हा एरोस्पेसचा विषय. मेकॅनिकलवाल्यांनी बॉयलर आणि एसी बघावेत. :)

लेथवरचा_बाप्या

एरोवाला, तुमचं ते टर्बाइनचं पातं, कंबस्टरचा लायनर, पंपाचं बेअरिंग आणि नॉझलचं वेल्डिंग कोण करतं? विक्रोळीत गोदरेजकडे इस्रोच्या विकास इंजिनाचे भाग बनतात, वालचंदनगरला रॉकेट मोटरची केसिंग्ज बनतात. तिथल्या शॉप फ्लोअरवर जाऊन "मेकॅनिकलवाल्यांनी एसी बघावेत" म्हणून दाखवा. चहासुद्धा मिळायचा नाही.

नळीफुंक्या

मूळ प्रश्नाकडे. पहिला रिग म्हणून कोणी सुचवणार नाही असं नाव घेतो : राइक नळी. १८५९ चा प्रयोग आहे.

एक मीटर लांब, साधारण ५० मिमी व्यासाची काचेची किंवा स्टीलची नळी, दोन्ही तोंडं उघडी, उभी धरलेली. खालून २५ सेंमीवर नायक्रोमची जाळी. ती तापवली की नळी स्वतःच गाऊ लागते. वारंवारता ध्वनिवेग भागिले दुप्पट लांबी, म्हणजे १७५ हर्ट्झच्या आसपास. आतली हवा तापत जाते तशी थोडी वर सरकते. तीच जाळी वरच्या अर्ध्यात नेली तर आवाज बंद. नळी आडवी केली तरी बंद, कारण हवेचा आपसूक ओढा थांबतो. मग ब्लोअर लावावा लागतो, आणि खरं संशोधन तिथूनच सुरू होतं, कारण हवेचा प्रवाह आणि उष्णता आता वेगवेगळी बदलता येते.

हे खेळणं नाही. दाब वाढलेला असतो नेमक्या त्या क्षणी उष्णता मिळाली तर कंपन पोसलं जातं, हा रॅलेचा १८७८ चा निकष. अपोलोच्या एफ-१ इंजिनाला याच रोगाने छळलं होतं. इंजेक्टरवर तांब्याचे आडोसे बसवून आणि चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडून ते किती मिलिसेकंदांत शांत होतं हे मोजत तो प्रश्न सोडवावा लागला. तुमच्या टेबलावरची नळी त्याच समीकरणाचं घरगुती रूप आहे. परवाना नको, ऑक्सिजन नको, दोन मायक्रोफोन आणि एक डीएक्यू कार्ड (सेन्सरची वाचनं संगणकात नोंदवणारं) पुरे. पहिल्या वर्षात पेपर निघतो.

आंबोळी

+१. फक्त मायक्रोफोन नळीच्या भिंतीत थेट बसवू नका, गरम हवेने डायफ्राम जातो. बाजूला छोटी नळी काढून तिच्यावर बसवायचा आणि त्या नळीमुळे येणारा फेजचा फरक वेगळा मोजून वजा करायचा. हे न करता रॅले इंडेक्स (त्या निकषाचा आकडा) काढला तर चिन्हसुद्धा उलटं येऊ शकतं. असे पेपर छापूनही येतात.

परक्लोरेट_पाटील

घन इंधनाबद्दल : पहिल्या तीन वर्षांत विसरा. अमोनियम परक्लोरेट (ऑक्सिजन पुरवणारं) आणि बाइंडर (जळणारं रबर) वेगवेगळे आहेत तोवर ती रसायनं. एकत्र कालवली की स्फोटक पदार्थ. २००८ चे स्फोटक नियम लागू होतात, परवाना पेसोचा, म्हणजे केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संघटनेचा. मुख्यालय नागपुरात आहे म्हणून आपल्याला सवलत मिळत नाही. ज्या संस्थेकडे मॅगझिन (स्फोटकांचं कोठार), सुरक्षित अंतरं आणि प्रशिक्षित माणूस नाही तिने या वाटेला जाऊ नये. रस असेलच तर पुण्यात डीआरडीओची स्फोटकांची प्रयोगशाळा एचईएमआरएल आहे. त्यांच्याबरोबर संयुक्त प्रकल्प घ्या, मिश्रण आणि ज्वलन त्यांच्या आवारात, विश्लेषण तुमच्याकडे.

तांत्रिक कारणही आहे. घन इंधनाच्या दांडक्याला तडा गेला की जळणारं क्षेत्रफळ वाढतं. दाब त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. जळण्याचा वेग दाबाच्या ज्या घाताने वाढतो तो घातांक ०.४ धरला तर क्षेत्रफळ १० टक्के वाढल्यावर दाब १७ टक्के वाढतो. तडा खोलवर गेला तर केसिंग फुटतं. दिवाळीत दारू सैल भरलेला भुईनळा फुटतो तो याच हिशेबाने.

सुगरण_काकू

भुईनळ्याचं शास्त्र आज कळलं. म्हणजे दारू ठासून भरायची की नाही?

परक्लोरेट_पाटील

काकू, विकतचा आणायचा आणि लांबून लावायचा.

मेणबत्ती

मग हायब्रिड. इंधन घन, ऑक्सिडायझर वायू. इंधन एकटं स्फोटक नाही, तडा गेला तरी ऑक्सिजन जितका सोडाल तितकंच जळणार. मेकॅनिकल विभागाला हेच झेपतं. आकडे देतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

ऑक्सिजन १० ग्रॅम प्रतिसेकंद. इंधन एचटीपीबी (रबरासारखं पॉलिमर), लांबी १२० मिमी, आतलं भोक १५ मिमी. सुरुवातीचा ऑक्सिजन फ्लक्स (भोकाच्या क्षेत्रफळामागे प्रवाह) साधारण ५७ किलो प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद. इंधन झिजण्याचा वेग ०.६ मिमी प्रतिसेकंद धरला तर ५ सेकंदांत भोक २१ मिमी होतं, १९ ग्रॅमच्या आसपास इंधन जळतं, ऑक्सिजन-इंधन प्रमाण २.७. एचटीपीबी आणि ऑक्सिजनसाठी उत्तम प्रमाण २ ते २.५, म्हणजे आपण थोडे पातळ बाजूला, ऑक्सिजन जरा जास्त. लांबी जराशी वाढवली की झालं. चेंबरचा दाब १० बार हवा तर नॉझलचा घसा (सर्वांत अरुंद जागा) ५.२ मिमी. रेटा २७ न्यूटन, म्हणजे पावणेतीन किलो. हसू नका. ऑक्सिजनचा ७ घनमीटरचा सिलिंडर भरलेला असताना त्यात नऊ किलोच्या वर वायू असतो आणि एका फायरिंगला ५० ग्रॅम लागतो. दिवसाला सहा फायरिंग झाली तरी सिलिंडर महिनाभर पुरेल.

गणिती_गाढव

मेणबत्ती, तुमच्याच आकड्यांत एक गोम आहे. भोक १५ वरून २१ झालं की फ्लक्स ५७ वरून २९ वर येतो. एकाच फायरिंगमध्ये निम्मा! मग झिजण्याचा वेग कोणत्या फ्लक्सपुढे मांडणार?

मेणबत्ती

बरोबर पकडलंत. सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्यासाची सरासरी काढायची आणि त्या व्यासावरचा फ्लक्स घ्यायचा, ही रूढ पद्धत. झिजण्याचा वेग म्हणजे 'अ' गुणिले फ्लक्सचा ठरावीक घात, हे समीकरण; फ्लक्सचीच सरासरी काढली तर त्यातला घातांक थोडा वेगळा येतो, म्हणून कोणती पद्धत घेतली ते पेपरात लिहिलंच पाहिजे. दुसरं, फायरिंग १ सेकंदाचं करू नका. पेटण्याचा आणि विझण्याचा काळ मिळून अर्धा सेकंद जातो, मग सरासरीला अर्थ उरत नाही. ३ ते ६ सेकंद ठीक. तिसरं, समीकरणातला 'अ' हा स्थिरांक एककांना बांधलेला असतो. ग्रॅम प्रति चौरस सेंमीमधला 'अ' उचलून किलो प्रति चौरस मीटरमध्ये घातला की उत्तर काहीच्या काही येतं. विद्यार्थ्यांची ठरलेली चूक.

शेंगदाणा_चटणी

एचटीपीबी ओतण्याबद्दल कोणी लिहीत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओतू नका. क्युरिंगसाठी जो आयसोसायनेट घालतात तो हवेतल्या ओलाव्याशी लागतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दांडक्याची जाळीदार इडली होते. रेझिन आधी गरम करून व्हॅक्यूममध्ये ओलावा काढायचा, क्युरेटिव्ह घातल्यावर परत व्हॅक्यूम, मग ६० अंशांवर पाच ते सात दिवस. टीडीआयपेक्षा आयपीडीआय घ्या : हळू सेट होतो, ओतायला वेळ मिळतो, वाफ कमी. तरी फ्यूम हूड आणि हातमोजे सक्तीचे. ओतलेल्या प्रत्येक दांडक्याचं वजन आणि आकारमान मोजून घनता काढा. ०.९२ च्या आसपास आली नाही तर आत बुडबुडे आहेत, सरळ फेकून द्या.

मेणबत्ती

आयडी सार्थ करतो : मेण वापरा. पॅराफिनचा वितळलेला थर लाटांसारखा फाटून थेंब उडतात, म्हणून झिजण्याचा वेग एचटीपीबीच्या तीन-चार पट मिळतो. स्टॅनफर्डने यावर पायाभूत काम केलं आहे. पण गोठताना मेण भरपूर आकसतं, मधे पोकळी आणि तडे येतात. आडव्या नळीत फिरवत ओतायचं, म्हणजे भोक आपोआप मधोमध राहतं. एक-दोन टक्के काजळी घाला, नाहीतर ज्वालेचं प्रारण मेणाच्या आत शिरून दांडकं आतूनच मऊ होतं.

प्राणवायू_पण_प्राणघातक

सगळे इंधनावर बोलताहेत. प्रयोगशाळेत अपघात होतो तो ऑक्सिजनच्या लाइनमध्ये.

१५० बारचा सिलिंडर झटक्यात उघडला की पुढच्या बंद टोकाशी अडकलेला वायू दाबला जाऊन तापतो. कागदावर हिशेब केला तर १ वरून १५० बारला तापमान ९८० अंशांच्या घरात जातं. प्रत्यक्षात थोडं कमी, पण सीटचं रबर किंवा तेलाचा एक थेंब पेटायला पुरेसं. एकदा ते पेटलं की स्टीलही जळतं. म्हणून :

जास्त दाबाच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह नको. सावकाश उघडणारा नीडल व्हॉल्व्ह.

बाजारातला स्वस्त सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) घेऊ नका. एक तर आत नायट्राइल रबर असतं, दुसरं म्हणजे तो पायलट-ऑपरेटेड निघाला तर दोन बाजूंच्या दाबात ठरावीक फरक असल्याशिवाय उघडतच नाही. ऑक्सिजनसाठी लेखी प्रमाणित असेल तोच.

प्रत्येक फिटिंग आधी साबणाच्या कोमट पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग कोरड्या नायट्रोजनने. अतिनील दिव्याखाली बघा, बरीचशी तेलं चमकतात. शेवटी पिशवीत बंद. वर्कशॉपच्या माणसाने मायेने "आट्यांना जरा ग्रीस लावलंय" म्हटलं की पूर्ण लाइन परत धुवायची.

लेथवरचा_बाप्या

शेवटच्या वाक्याला लोटांगण. तो माणूस प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो.

गणिती_गाढव

ऑक्सिजनचा प्रवाह मोजायला महागडा मास फ्लो मीटर नको. चोक झालेलं छिद्र वापरा, म्हणजे ज्यातून वायू ध्वनिवेगाने जातो असं. ३०० केल्विनला वरच्या बाजूला ३० बार आणि प्रवाह १० ग्रॅम प्रतिसेकंद धरला तर आदर्श व्यास १.३ मिमी, डिस्चार्ज कोएफिशंट (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचं गुणोत्तर) ०.८५ धरला तर १.४ च्या जरा वर. खालचा दाब वरच्याच्या निम्म्याखाली आहे तोवर चेंबरमध्ये काहीही धिंगाणा चालो, प्रवाह बदलत नाही. चेंबर १० बारवर आहे, म्हणजे भरपूर वाव. हायब्रिडची जी हळू झुलणारी अस्थिरता असते ती ऑक्सिजनच्या लाइनपर्यंत पोचत नाही हा वरकड फायदा.

छिद्राचं कॅलिब्रेशन मात्र करायलाच हवं : माहीत असलेल्या आकारमानाची टाकी रिकामी करून दाब आणि तापमान किती उतरलं ते मोजायचं. आणि वेल्डिंगचा रेग्युलेटर इथे चालत नाही. तो १० बारपर्यंतच देतो, आणि १० ग्रॅम प्रतिसेकंद म्हणजे मिनिटाला साडेचारशे लिटर ओढले की त्याचा दाब भसकन बसतो.

जुगाडू

लोडसेल आणि एचएक्स७११ मॉड्यूल घ्या, काही शे रुपयांत रेटा मोजून होतो. हजारोंची डीएक्यू कशाला?

आंबोळी

जुगाडू, ते मॉड्यूल सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देतं. किराणा दुकानाच्या काट्यासाठी उत्तम. पाच सेकंदांच्या सरासरी रेट्यालाही चालेल. पण पेटताना दाबाचा जो झटका येतो तो त्यात दिसणारच नाही, आणि चेंबर २५ सेंमीचा असेल तर त्याची लांबीची पहिली ध्वनिलहर दोन हजार हर्ट्झच्या आसपास असते. दाबाला किमान १० हजार वाचनं प्रतिसेकंद हवीत.

त्यातही सेन्सर चेंबरपासून एक मीटर नळीवर लावला असेल तर डीएक्यू कितीही महागडी असो, उपयोग शून्य. त्या नळीची स्वतःची चतुर्थांश-लहर ८५ हर्ट्झला वाजते. त्याच्या वरचं सगळं खोटं. नळी जितकी आखूड तितकं बरं, आणि सेन्सर तापू नये म्हणून फायरिंगही आखूड.

जुगाडू

मग नळीत सिलिकॉन ग्रीस भरली तर? सेन्सरही वाचेल.

प्राणवायू_पण_प्राणघातक

माझा वरचा प्रतिसाद परत एकदा वाचा, हळू. ऑक्सिजन पोचतो तिथे सिलिकॉन ग्रीस नाही. भरायचीच तर हॅलोकार्बन जातीची, ऑक्सिजनला चालणारी.

सातारी_कंदी

स्वस्तातच करायचं तर नायट्रस ऑक्साइड का नाही? स्वतःच्याच दाबाने येतो, रेग्युलेटर नको.

परक्लोरेट_पाटील

कंदी, दोन कारणं. २० अंशांना नायट्रसचा दाब ५० बार असतो हे खरं, पण त्याचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश. विदर्भात मे महिन्यात दुपारी शेडमध्ये ४४ अंश. त्या टाकीत द्रव शिल्लकच नाही, नुसता दाट वायू, आणि दाब ७२ बारच्या वर. सकाळच्या आणि दुपारच्या फायरिंगचे आकडे जुळणार कसे? दुसरं कारण जास्त गंभीर आहे : नायट्रस इंधनाशिवाय एकटाही विघटित होऊन फुटतो. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियातल्या मोहावीत स्केल्ड कॉम्पोझिट्सच्या तळावर नुसता कोल्ड फ्लो चालू होता, ज्वाला नाही, ठिणगी नाही. तीन माणसं गेली. "कोल्ड फ्लो आहे, काही होत नाही" म्हणून लोक टाकीजवळ उभे राहतात, तिथे चुकतं.

लेथवरचा_बाप्या

नॉझलचं बघा. ग्रॅफाइट लेथवर सहज कापतं, पण धूळ वीज वाहून नेते. सीएनसीच्या कंट्रोलमध्ये शिरली की बोर्ड जातो आणि वर्कशॉपचे साहेब प्रोपल्शनचं नाव पुन्हा काढू देत नाहीत. जुन्या लेथवर, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड टूलशेजारी बांधून, मास्क लावून. नॉझलच्या आधीच्या पोकळीत हायलमची (फिनॉलिक रेझिनच्या फळीची) चकती घाला, स्टील वाचतं.

आणि घसा प्रत्येक फायरिंगच्या आधी आणि नंतर पिन गेजने मोजा, व्हर्निअरने नाही. ५.२ चा ५.४ झाला तर क्षेत्रफळ ८ टक्के वाढलं, दाब तेवढाच उतरला. विद्यार्थी तो उतार "ज्वलनाची कार्यक्षमता घटली" म्हणून लिहून मोकळे होतात.

गणिती_गाढव

याच्याच पुढचं. वैशिष्ट्यपूर्ण वेग म्हणजे दाब गुणिले घशाचं क्षेत्रफळ भागिले एकूण प्रवाह. घशाच्या व्यासात ०.०५ मिमीची अनिश्चितता म्हणजे क्षेत्रफळात दोन टक्के. प्रवाहात अडीच टक्के, दाबात अर्धा. वर्गांची बेरीज करून मूळ काढा, तीन टक्क्यांच्या वर जातं. आता "आमची कार्यक्षमता ९४ वरून ९६ झाली" या निष्कर्षाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

फुकट_सल्लागार

अवांतर : प्रोपल्शनला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोश प्रणोदन म्हणतो. ऐकून रवंथ केल्यासारखं वाटतं.

सुगरण_काकू

रेटाशास्त्र म्हणा. लोकलमध्ये रोज प्रात्यक्षिक.

वायर_आणि_फायर

काकू _/\_

नियंत्रणाबद्दल राहून गेलं. प्रश्न एकच विचारायचा : फायरिंग चालू असताना लाईट गेली तर काय होईल? ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह 'नॉर्मली क्लोज्ड' आणि नायट्रोजनचा 'नॉर्मली ओपन'. वीज गेली की ऑक्सिजन आपोआप बंद, नायट्रोजन आपोआप चालू, ज्वाला विझते. हे सॉफ्टवेअरवर सोपवायचं नाही, स्प्रिंगवर सोपवायचं. लाल बटण थेट व्हॉल्व्हचा सप्लाय तोडणारं हवं, लॅपटॉपला निरोप देणारं नको. डीएक्यू यूपीएसवर, व्हॉल्व्ह यूपीएसवर नाहीत. फायरिंगच्या वेळी खोलीत माणूस नाही, काच नाही, बघायचं ते कॅमेऱ्यातून. छप्पर हलकं ठेवा, भिंती जड.

स्पार्क प्लगची कॉइल पेटली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो हा सार्वत्रिक अनुभव. कॉइलला वेगळी बॅटरी, सेन्सरच्या वायरी पिळलेल्या आणि जाळीत, जाळीला अर्थिंग एकाच टोकाला. रेट्याच्या आलेखावर सुबक ५० हर्ट्झची लाट दिसली तर ती अस्थिरता नाही, महावितरण आहे.

सातवा_वेतन

पैशाचं कोणीतरी लिहायलाच हवं. आयआयटीत सहायक प्राध्यापक ग्रेड एक म्हणजे लेव्हल १२, मूळ वेतन १,०१,५०० पासून. एआयसीटीई वेतनश्रेणीच्या कॉलेजात लेव्हल १०, ५७,७०० पासून. पण रिगच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक पगारात नाही, शिकवण्याच्या तासांत आहे.

निधी : एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेची नव्या प्राध्यापकांसाठीची योजना, ६० लाखांपर्यंत, तीन वर्षं. इस्रोची रिस्पॉन्ड योजना, आणि डीआरडीओचं वैमानिकी संशोधन मंडळ, त्यात प्रोपल्शनसाठी वेगळं पॅनेल आहे. आता खर्च. एका संशोधन सहायकाला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० धरले तर तीन वर्षांत १३ लाख ९२ हजार, घरभाडं वेगळं. उपकरणांवर संशोधनासाठी असलेली ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, आता १८ टक्के धरा. अर्जात करासकट किंमत न लिहिणारे लोक नंतर सेन्सरची संख्या कमी करतात, आणि कमी होतो तो नेहमी चेंबरच्या दाबाचा दुसरा सेन्सर. पहिला खोटं बोलतोय की नाही हे कळायला तोच हवा असतो.

एरोवाला

चला, शस्त्र खाली ठेवतो. रिस्पॉन्डबद्दल भर घालतो : इस्रोची केंद्रं कोणत्या विषयांत काम हवं आहे ते छापून देतात. "हायब्रिड रॉकेटचा अभ्यास" असा अर्ज कोणी उचलत नाही. त्यांच्या यादीतला एक चिमूटभर प्रश्न घ्या, उदाहरणार्थ एका विशिष्ट इंजेक्टरचा थेंबांचा आकार. पाण्याने, हवेच्या दाबावर, मेकॅनिकलच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये होतं. आधी तिथल्या शास्त्रज्ञाशी बोला, मग लिहा.

सातासमुद्रापार

अमेरिकेत याच विषयात प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर एक अडथळा आधीच माहीत असावा. रॉकेट इंजिनाचं हार्डवेअर तिकडच्या शस्त्रास्त्र-निर्यात नियमांखाली येतं. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्याला त्या प्रकल्पात सहसा सरकारी परवान्याशिवाय घेता येत नाही. हवाई दलाचा तरुण संशोधकांसाठीचा निधीही त्यांनाच. त्यामुळे आपली मुलं पीएचडीला मूलभूत ज्वलन, थर्मोअकूस्टिक्स, लेसर निदान अशा खुल्या विषयांत जातात. एनएसएफ या तिकडच्या विज्ञान-निधी संस्थेच्या करिअर अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही. टेन्यूरचं (कायम पद मिळवण्याचं) घड्याळ सहा वर्षांच्या आसपास, आणि रिग उभारण्यात दोन वर्षं गेली तरी ते थांबत नाही.

नळीफुंक्या

म्हणून तर राइक नळी म्हणत होतो! आणि स्वस्तातलं डोळ्यांचं काम : श्लीरेन, म्हणजे हवेतल्या घनतेचे फरक प्रकाश-छायेत दाखवणारी आरशांची मांडणी. १५० मिमीचे, १२०० मिमी नाभ्यंतराचे दोन पॅराबोलिक आरसे. हौशी दुर्बिणवाले हेच वापरतात. एक एलईडी, पुढे बारीक फट, दुसऱ्या टोकाला दाढीचं पातं. आरसे झेड आकारात, कोन जितका लहान तितका बरा, नाहीतर प्रतिमा ओढल्यासारखी दिसते. पातं नाभीच्या मागेपुढे असेल तर पडदा एका बाजूने काळा पडत जातो; नेमकं नाभीवर आलं की सगळा पडदा एकदम मावळतो. जुळवायची खूण हीच. ज्वालेसाठी मग ४३१ नॅनोमीटरचा फिल्टर लावून साध्या कॅमेऱ्यानेही ज्वालेत चमकणारा सीएच हा रेणूचा तुकडा दिसतो. ३०८ च्या ओएचला अतिनील लेन्स आणि इंटेन्सिफायर लागतो, तो नंतर.

फुलपात्र

वाचनखूण साठवली. दोन शब्द विद्यार्थ्यांच्या बाजूने : पीएचडीच्या मुलाला पहिलं वर्षभर जेमवर (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) सेन्सर शोधायला आणि कोटेशनं गोळा करायला लावू नका. "प्रेशर ट्रान्सड्यूसर" टाकलं की तिथे पाण्याच्या पंपाचा स्विच येतो.

कंसातला_दीड (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाचून जो क्रम डोळ्यांपुढे येतोय तो लिहितो, चुकला तर झोडा.

पहिल्या सहा महिन्यांत राइक नळी आणि श्लीरेन, दोन एमटेकची कामं त्यावर. त्याच काळात ऑक्सिजन लाइनचं ड्रॉइंग, संस्थेच्या सुरक्षा समितीची परवानगी आणि निधीचे अर्ज. दुसऱ्या वर्षी १० ग्रॅम प्रतिसेकंदाचा हायब्रिड, आधी नायट्रोजनवर कोल्ड फ्लो, मग पॅराफिन, पावसाळा उलटल्यावर एचटीपीबी. घन इंधन आणि नायट्रस यादीतच नाहीत.

प्राणवायू_पण_प्राणघातक

क्रम ठीक. नायट्रोजनवर चालवून झाल्यावर ऑक्सिजन जोडण्याआधी लाइन परत साफ. कोल्ड फ्लोसाठी कॉम्प्रेसरची हवा वापरायचा मोह होईल. तिच्यात तेल असतं.

वायर_आणि_फायर

लोडसेलचं कॅलिब्रेशन स्टँडवरच करा, ऑक्सिजनची नळी जोडलेली आणि दाबाखाली ठेवून. पुली आणि वजनं लावून अर्धा, एक, दोन, तीन किलो, चढताना आणि उतरताना. २७ न्यूटनच्या रेट्यात ताठ नळी दोन-तीन न्यूटन सहज गिळते. नळीला वळण देऊन लवचीक ठेवा.

कंसातला_दीड (धागाकर्ता)

नोंद केली. बाप्या, शेवटचा प्रश्न. सेन्सर एनपीटी (अमेरिकन पाइपच्या) आट्यांचा येतोय, इथलं सगळं बीएसपी (ब्रिटिश). अर्धा इंच आहे, हाताने तीन-चार फेरे बसतो. टेफ्लॉन टेप लावून चालेल?

लेथवरचा_बाप्या

नाही. अर्ध्या इंचाला दोन्हींचे इंचाला १४ आटे, म्हणून बसल्यासारखा वाटतो. पण बीएसपीचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटी निमुळता. पान्याने आवळाल तसे आटे चुरगळतील आणि दाबाखाली गळेल, नाहीतर फायरिंगच्या वेळी सेन्सर सुटून उडेल. अॅडॉप्टर स्टीलच्या एकाच बारमधून करून घ्या, एक टोक एनपीटी, दुसरं बीएसपी समांतर आणि खाली तांब्याचा वॉशर. मग नळाच्या पाण्याने दीडपट दाबाला तपासा, म्हणजे १० बारच्या चेंबरला १५. साबणाचा फेस त्यानंतर, नायट्रोजनवर. आणि ज्याने तो बनवला त्याला ग्रीस लावलंय का ते विचारा.